वाकलेल्या पाठीचा इतिहास

मराठी भाषेने पाठीच्या कण्यावर नीतीचे फार मोठे ओझे लादले आहे. ज्याला कणा आहे तो माणूस, ज्याला नाही तो लाचार. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे आपल्याकडे बाणेदारपणाचे प्रमाणवाक्य आहे. कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता आपण सभांतून आणि निरोपसमारंभांतून इतक्या वेळा ऐकली आहे की ‘कणा’ हा शब्द उच्चारताच पुरात घर गेलेला तो विद्यार्थी आपल्यापुढे उभा राहतो. मणक्यांच्या शस्त्रक्रियेत नाव मिळवलेल्या डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी आपल्या आत्मकथनाला ‘ताठ कणा’ हे नाव दिले, तेव्हा त्या नावात त्यांचा व्यवसाय आणि त्यांचा स्वभाव असे दोन्ही अर्थ वाचकाला आपोआप लागले. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर मराठीत कण्याचा लक्ष्यार्थ इतका बलवत्तर झाला आहे की वाच्यार्थ जवळजवळ लोपला आहे.

वाच्यार्थातला कणा मात्र हाडांचा, चकत्यांचा आणि स्नायुबंधांचा असतो, आणि उतारवयात तो या म्हणीचे ऐकत नाही. कमरेच्या मणक्यांमधून जाणारी नळी वयोमानाने अरुंद होते, तीतून पायांकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातात, आणि माणूस ताठ उभा राहिला किंवा चालू लागला की त्याचे पाय दुखू लागतात, जड होतात, बधिर होतात. डॉक्टर त्याला लंबर कॅनॉल स्टेनोसिस म्हणतात. या विकाराची विचित्र गोष्ट अशी की रुग्ण पुढे वाकला किंवा खाली बसला की काही मिनिटांत कळ ओसरते. ताठ उभे राहिले की नळी आणखी आवळते, तिच्या मागच्या बाजूचा स्नायुबंध सुरकुतून आत शिरतो; वाकले की तीच नळी थोडी मोकळी होते. म्हणजे या माणसाला चालायचे असेल तर वाकावे लागते. आमच्या म्हणीने हिणवलेली नेमकी तीच कृती.

आम्ही वैद्य नव्हे. भाषा आणि साहित्य शिकणे-शिकवणे हा आमचा उद्योग, आणि या दुखण्याकडे आम्ही वळलो ते त्याच्या नावांमुळे.

पश्चिमेकडील वैद्यकाने या लक्षणाला दिलेले नाव ‘क्लॉडिकेशन’. लॅटिनमध्ये लंगडण्यासाठी जे क्रियापद आहे त्यावरून ते आले. त्याचा वैद्यकीय इतिहास माणसापासून सुरूही होत नाही; तो घोड्यापासून सुरू होतो. १८३१ साली बुले या फ्रेंच पशुवैद्याने काही अंतर धावल्यावर लंगडू लागणाऱ्या आणि विश्रांतीनंतर पुन्हा ठीक होणाऱ्या घोड्याचे वर्णन केले. दोष पायाच्या रक्तवाहिनीत सापडला. १८५८ साली शार्को यांनी हेच लक्षण माणसात नोंदवले. पुढे देजेरिन यांनी १९११ च्या सुमारास दाखवून दिले की रक्तवाहिन्या निर्दोष असूनही माणूस चालता चालता असाच थांबू शकतो आणि त्याचे कारण कण्यात असते. योगायोग असा की कण्याच्या खालच्या टोकाशी नसांचा जो जुडगा लोंबतो, त्याला शरीरशास्त्रज्ञांनी त्यापूर्वी कितीतरी आधी ‘घोड्याचे शेपूट’ असेच लॅटिन नाव दिले होते.

आपल्याकडे चरकाने वाताच्या ऐंशी विकारांत गृध्रसी सांगितली आहे. कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशा क्रमाने उतरणारी वेदना. गृध्र म्हणजे गिधाड; त्या रुग्णाची चाल गिधाडासारखी होते अशी नावाची उपपत्ती देतात. गृध्रसी म्हणजे आजचे स्टेनोसिस असे समीकरण मांडण्याचा मोह आम्ही आवरतो. ते वर्णन एका नसेच्या दुखण्याशी, म्हणजे सायटिकाशी, अधिक जुळते, आणि प्राचीन ग्रंथांत आधुनिक निदाने शोधण्याची हौस आपल्याकडे आधीच उदंड आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. संस्कृत असो की फ्रेंच, दोन्हीकडच्या वैद्यांनी दुखण्याला नाव दिले ते पाहणाऱ्याला काय दिसते यावरून. कोणाला घोडा दिसला, कोणाला गिधाड. ज्याला दुखते त्याला काय वाटते ते नावात आले नाही.

ते आले मराठी बोलीत. ‘पाय भरून येतात’ असे आपली म्हातारी माणसे म्हणतात. गळा भरून येतो, ऊर भरून येतो, आभाळ भरून येते. त्याच क्रियापदाने पायही भरून येतात. आत काहीतरी साठत जाते आणि वाट मिळत नाही, हे या विकाराचे इतके नेमके वर्णन आहे की शारीरशास्त्राचे पुस्तक त्याहून फारसे अधिक सांगत नाही. ‘पायात गोळे येतात’, ‘पाय ओढतात’, ‘मुंग्या येतात’, ‘पाय माझे राहिलेच नाहीत’ ही त्याचीच भावंडे. याउलट शहरातल्या दवाखान्यांतून घरोघरी गेलेला ‘मणक्यात गॅप पडलाय’ हा वाक्प्रयोग बघा. गॅप पडत नाही, उलट होती ती जागा कमी होते. तरीही तो शब्द असा रुळला आहे की तपासणीचा कागद हातात आल्यावर माणसे प्रथम विचारतात, गॅप कितीचा आहे.

या दुखण्याची खरी शोकांतिका त्याच्या अदृश्यतेत आहे. हा रुग्ण डॉक्टरांसमोर येतो तो बसून, आणि तपासला जातो तो आडवा करून. या दोन्ही स्थितींत त्याला काहीच होत नसते. पायात ताकद असते, नाडी लागते, गुडघे हलतात. रस्त्यावर मात्र तो शंभर पावलांत थांबतो. मग घरची माणसे म्हणतात, आत्ता तर बरे होते. १९४९ साली, आणि अधिक विस्ताराने १९५४ साली, उट्रेक्टचे शल्यविशारद हेंक फर्बीस्ट यांनी या विकाराचे स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध केले, त्यातील महत्त्वाचा भाग आमच्या मते हाच: विश्रांतीत निर्दोष दिसणाऱ्या माणसाच्या तक्रारीवर त्यांनी विश्वास ठेवला. शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांनी नळीची रुंदी प्रत्यक्ष मोजली. पुढे त्यांनीच मोजमाप ठरवले: पुढून मागे दहा मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर निश्चित अरुंद, दहा ते बारा असेल तर सापेक्ष अरुंद. एमआरआय येण्यापूर्वीच्या काळातली ही गोष्ट. एका मिलिमीटरच्या फरकाने माणूस खोटारडा ठरण्यापासून वाचला.

त्यानंतरचा एक टप्पा फार साधा आणि देखणा आहे. १९७७ साली डिक आणि डॉइल यांनी सायकलची चाचणी प्रसिद्ध केली. नसांमुळे पाय दुखणारा माणूस चालू शकत नाही, पण पुढे झुकून सायकल चालवू शकतो. रक्तवाहिनीचा दोष असलेल्या माणसाला सायकलवरही तितकाच त्रास होतो, कारण त्याच्या पायाला काम पडते. पाठ वाकली की ताठ, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. चढण सोपी आणि उतार अवघड, हीही याच दुखण्याची खूण. चढताना माणूस वाकतो, उतरताना मागे रेलतो.

सायकलवरून आम्ही बाबा आमटे यांच्याकडे येतो.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला झाला. कुष्ठरुग्णांसोबत वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर त्यांनी आनंदवन उभे केले, आणि त्या उभारणीत त्यांची पाठ गेली, असे आपण सहजपणे म्हणतो. सहजपणे म्हणतो खरे, पण कारण-कार्याचा हा संबंध तपासून घ्यावा. फिनलंडमधील जुळ्या भावांवरच्या अभ्यासातून १९९५ साली असे पुढे आले की मणक्यांमधल्या चकत्यांची झीज होण्यात अंगमेहनतीपेक्षा आनुवंशिकतेचा वाटा पुष्कळ मोठा असतो. तेव्हा कुदळीने पाठ मोडली हे वाक्य चरित्रात शोभते, वैद्यकात ते निर्विवाद नाही. बाबांच्या दुखण्याचे प्रसिद्ध वर्णन मानेच्या आणि कमरेच्या मणक्यांच्या झिजेचे, स्पॉन्डिलोसिसचे आहे. त्याला आम्ही स्टेनोसिस म्हणणार नाही, कारण लक्षण उलटे आहे. बाबांना बसता येत नसे. आडवे पडायचे किंवा उभे राहायचे. मधली अवस्था त्यांच्यासाठी उरली नव्हती. ज्या दुखण्याविषयी आम्ही लिहीत आहोत त्यात नेमके बसणे हाच विसावा असतो. एकाच कण्याची ही दोन भावंडे, आणि दोघांच्या बाबतीत माणसाला आपले सारे जगणे शरीराच्या दोन-तीन स्थितींभोवती नव्याने रचावे लागते.

बाबांनी ते कसे रचले हे पाहण्यासारखे आहे. डिसेंबर १९८५ मध्ये त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. तरुण मुले-मुली सायकलवर होती आणि बाबा वाहनात, बिछान्यावर आडवे. दुसरी यात्रा १९८८ साली अरुणाचलातून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत. मराठी मनाला यात्रा म्हटली की पायी चालणे अभिप्रेत असते. याच कोकणपट्टीत, पेणजवळच्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९५१ पासून तेराएक वर्षे पायी देश पालथा घातला होता, आणि ती पावले हेच त्या आंदोलनाचे नैतिक बळ होते. बाबांनी पडून यात्रा केली. त्यांची पावले सायकलस्वार मुलांनी टाकली. या घटनेचा गौरव आपल्याकडे ‘वेदनेवर मात’ या ठरीव शब्दांत होतो, आणि तो शब्दप्रयोग आम्हांस खटकतो. वेदना हरली नव्हती. ती गाडीत बरोबर होती. बाबांनी तिच्यासाठी गाडीत बिछाना घातला आणि ते निघाले. मात करणे आणि सोय लावणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि जुनाट दुखणे असलेल्या माणसाला दुसरीचे शिक्षण कोणी देत नाही.

१९९० साली ते आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावद येथे राहायला गेले. तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरच्या पुढे होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नर्मदा बचाव आंदोलनाची यात्रा गुजरातच्या सीमेकडे निघाली तेव्हाही ते सोबत होते. हे सारे वाचताना साधनाताईंचे ‘समिधा’ शेजारी ठेवावे असे आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सुचवतो. आडव्या पडलेल्या माणसाच्या पराक्रमात उठबस करणाऱ्या दुसऱ्या माणसाचा हिशेब चरित्रकार बहुधा मांडत नाहीत, आणि तो मांडायचा तर त्या घरातल्या बाईचे पुस्तक उघडावे लागते.

बाबांच्या आयुष्यातला आणखी एक विरोध आम्हांस अस्वस्थ करतो. ज्यांच्यासाठी त्यांनी काम केले त्या कुष्ठरुग्णांचे दुःख वेदना नसण्याचे होते. कुष्ठरोगात नसा मरतात, पायाला काटा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही, आणि न कळलेल्या जखमांतून पाऊल झिजून जाते. वेल्लोरमध्ये १९४६ पासून काम केलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी हेच आयुष्यभर सांगितले की बोटे रोगाने गळून पडत नाहीत, संवेदना गेल्यामुळे जखमा होऊन ती नष्ट होतात. १९९३ साली त्यांनी वेदनेवर पुस्तक लिहिले ते तिला देणगी मानून. ब्रँडही १९१४ चेच, आणि जन्माने दक्षिणेतल्या कोल्ली डोंगरांतले. पनवेल तालुक्यात नेरे येथे शांतिवन आहे. कुष्ठरुग्णांच्या सेवेचेच ते ठिकाण. वेदना नसलेल्या पायांची शुश्रूषा वेदनेने आडवा झालेला माणूस करतो, हे चित्र कोणा कादंबरीकाराने रचले असते तर आम्ही त्याला कृत्रिम म्हटले असते. मात्र ब्रँड यांचा सिद्धांत स्टेनोसिसच्या रुग्णाला तसाच्या तसा लागू करता येत नाही. काट्याची वेदना इशारा देऊन थांबते. दाबलेल्या नसेची वेदना पायात कोठेही इजा नसताना रोज तोच इशारा देत राहते, आणि ज्याला ऐकून ऐकून काही करता येत नाही त्या इशाऱ्याला देणगी म्हणणे क्रूरपणाचे होईल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पायांचे दुखणे या प्रकरणात थोडक्यात नोंदवायला हवे. १९४७-४८ च्या सुमारास, संविधानाचे काम चालू असताना, मधुमेह आणि नसांचा दाह यांमुळे त्यांच्या पायांत असह्य कळा येत आणि झोप लागत नसे. हे दुखणे कण्याचे नव्हते. पण १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या सोहळ्यात ते काठीच्या आधाराने उभे होते हे ध्यानात ठेवले, तर ‘ताठ कणा’ या प्रतिमेत काठीलाही जागा करून द्यावी लागते.

आता बेलपाड्याविषयी. खारघरच्या डोंगराच्या पायथ्याचे हे गाव पनवेल तालुक्यातले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. त्यापूर्वी हा मुलूख भातशेतीचा, मिठागरांचा आणि खाडीचा. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. या भागात भाताच्या लावणीला आवणी म्हणतात, आणि आवणी म्हणजे चिखलात दिवसच्या दिवस कमरेत वाकून राहणे. गंमत अशी की ज्या पिढीने आयुष्य वाकून काढले, तिची पाठ म्हातारपणी दुखू लागली तेव्हा भोवतालचे जग उभे राहण्याचे झाले होते. रांगेत उभे राहायचे, सिग्नलला उभे राहायचे, लिफ्टसाठी उभे राहायचे. गावात ओटी होती, देवळाची पायरी होती, झाडाचा पार होता. चार पावलांवर टेकायला जागा होती आणि टेकणाऱ्याला कोणी कारण विचारत नव्हते. शहराच्या आराखड्यात रस्त्याची रुंदी असते, सेक्टरचा क्रमांक असतो. टेकण्याच्या जागा मोजण्याचे कोष्टक आम्ही तरी कोठे पाहिलेले नाही.

हे गतकाळाचे गोडवे नव्हेत. जुन्या गावात अशा माणसाला ‘वाताने धरले’ म्हणून कोपऱ्यात बसवून ठेवत. आज त्याच्या दुखण्याचे चित्र यंत्रात दिसते आणि त्याच्या शब्दाला कागदाचा आधार मिळतो. उपचारांबाबतही चित्र आता पुरेसे स्पष्ट आहे. बहुतेकांना प्रथम पुढे वाकण्याचे व्यायाम, पोटाच्या स्नायूंची ताकद, सायकल, आणि टप्प्याटप्प्याने चालणे सुचवतात: पाय भरून येण्याच्या जरा आधीच बसायचे, ओसरले की पुन्हा निघायचे. त्यानेही चालणे भागत नसेल तर नळी मोकळी करण्याची शस्त्रक्रिया. तिची तुलना इतर उपचारांशी करणारा अमेरिकेतील मोठा अभ्यास फेब्रुवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांपर्यंत शस्त्रक्रिया घेतलेल्यांना अधिक आराम दिसला. पुढील वर्षांच्या निष्कर्षांत हे अंतर तितके ठळक राहिले नाही, म्हणून निर्णय रुग्णाच्या चालण्यावर, वयावर आणि इच्छेवर सोपवतात. एक गोष्ट मात्र थांबण्याची नाही: लघवी अडली किंवा तिच्यावर ताबा राहिला नाही, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता आली, पाय झपाट्याने लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तो अभ्यास प्रसिद्ध झाला त्याच महिन्यात, ९ फेब्रुवारीला, बाबा आमटे आनंदवनात निवर्तले होते.

टप्प्याटप्प्याने चालण्याचे हे तंत्र परकीय फिजिओथेरपीच्या पुस्तकात वाचताना आम्हांस वारी आठवते. आळंदीहून पंढरपूरला निघालेली पालखी मैलोगणती चालते, पण तिच्या दैनंदिनीत मुक्कामाइतकेच विसाव्याचे महत्त्व असते. सकाळचा विसावा, दुपारचा विसावा, ठरलेल्या जागी. साठी-सत्तरीची माणसे डोक्यावर बोचके घेऊन इतके अंतर कापतात त्यात भक्तीचे बळ असेलच. विसाव्याच्या व्यवस्थेचेही आहे, आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिची नोंद घ्यावी. वारीत थांबणारा माणूस मागे पडलेला नसतो, कारण सारेच थांबलेले असतात. ज्याच्या भेटीला जायचे तो देव मात्र कमरेवर हात ठेवून विटेवर सरळ उभा. या दुखण्याच्या माणसाला सर्वांत कठीण ती हीच मुद्रा.

१७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका सुरू झाली. तिच्या ११ स्थानकांत एक बेलपाडा आहे. स्थानक उंचावर, खालून रस्ता. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे. वर चढणे या रुग्णाला तसे कठीण नाहीच, हे आपण वर पाहिले. प्रश्न उतरण्याचा आणि उतरल्यावर घरापर्यंतच्या अंतराचा. संध्याकाळी या भागात वाहनतळाच्या कठड्याला, दुकानाच्या पायरीला, भाजीच्या हातगाडीला टेकलेली वयस्कर माणसे दिसतात. कोणी मोबाइल पाहण्याचे निमित्त करतो, कोणी भाजीचा भाव विचारतो. कोणी वाकून चपलेचा पट्टा नीट करतो, आणि तो नीट असला तरी तसाच वाकून राहतो, पोटरीतली कळ उतरेपर्यंत. मग उठतो आणि पुढच्या दुकानापर्यंत चालतो.